चार्ल्स्टनची उघडी फाटकं

६ एप्रिल १९५७
सकाळच्या गाडीनं सव्हानाहून चार्ल्स्टनला पोचले. आमच्या संपादकांना इथल्या खासगी बागांवर चार लेख हवेत. वीस वर्षं मी लग्नांतल्या बायकांच्या टोप्यांची टिंगल लिहिली. आता फुलांची पाळी. मंगळवारी परत. माझ्या रोवेनाचे दिवस भरत आलेत, जावई बोटीवर. पहिलंच बाळंतपण, जवळ असेन असं वचन देऊन आलेय.

इथला रिवाज सोयीचा आहे. बागेचं फाटक उघडं असेल तर अनोळखी माणसानंही खुशाल आत जावं. तशी मी मिस ऑगस्टांच्या बागेत शिरले. अझेलियाची फुलं लिपस्टिकसारखी इतकी भडक, की चर्चला जाताना आईनं पुसून काढायला लावली असती. तिळाची बिस्किटं, गोड गार चहा, आणि तीन पिढ्यांच्या सुनांची निंदा. निघाले तर म्हणाल्या, "आल्या वाटेनं कुठं गं? पलीकडच्या थिओडोराची बाग टाळलीस, तर ईस्टरपर्यंत तोंड फुगवून बसेल ती." मागच्या भिंतीतल्या दारानं मला तिकडे पाठवलं.

७ एप्रिल
मिस थिओडोरांनी मुक्कामाला ठेवून घेतलं. "मी असताना हॉटेलात जाऊन माझं नाक कापणार का?" असं त्यांनी विचारल्यावर राहिलेच. आज आणखी सात बागा. प्रत्येक यजमानीण गालाचा मुका घेते, ही एकच बघ म्हणते आणि मागचं दार उघडते. चहा पाजतात सगळ्याजणी, रस्त्याला कुणी सोडत नाही.

मघाशी मनाशी हिशेब केला. या चार रस्त्यांच्या मधल्या जागेत फार तर पाच बागा मावतील.

९ एप्रिल
गाडी चुकली. घरी फोन करते म्हटलं, तर आजच्या यजमानीणबाई हसल्या. "मी केला की सकाळीच. नात झाली हो तुला, दोघी सुखरूप. आता कसली घाई?"

मी त्यांना नंबर दिलेला नाही. मुलीचं नावही सांगितलेलं नाही.

१० एप्रिल
शिष्टाचार गुंडाळून ठेवला आणि मागे पळाले. ज्या दारानं आले ते दार नाही. भिंतीवर वेल आहे, मनगटाएवढी जाड, वर्षानुवर्षांची. मी किंचाळले. चारी भिंतींवरून टोप्या घातलेली डोकी वर आली. कुणी रागावलं नाही. एकजण म्हणाली, "दमलीय गं बिचारी." मग सगळ्याजणी बिचारी, बिचारी —

तारीख माहीत नाही
मला बाग दिली. खुर्ची दिली, टोपी दिली. समोर रस्ता, फाटक सताड उघडं. धावत जाते — आणि माझं तोंड पुन्हा बागेकडे असतं. दहादा केलं.

एक बाई डोकावली. पळा, म्हणायला तोंड उघडलं. निघालं ते असं: "या ना, उन्हात काय उभ्या?"

ती आली. चहा प्याली. मीच मागचं दार उघडलं. माझ्याच हातांनी —

नंतर
लिहिताना हात माझा असतो. फक्त लिहितानाच.

आज
रोवेना. फाटकाबाहेर. कडेवर बाळ. येणाऱ्याजाणाऱ्यांना माझा फोटो दाखवतेय. मला बघते आणि ओळखतच नाही —

लिहून पान फेकलं. आत येऊ नकोस, एवढंच. उघड्या फाटकातून बाहेर पडलं. तिनं उचललं.

वाच —

वाचत नाही. घडी घालतेय. दुसऱ्याचं लिखाण वाचू नये, पडलेली वस्तू ज्याची त्याला नेऊन द्यावी — मीच वळण लावलंय, मीच, छडी घेऊन —

देवा, एकदा तरी उद्धट हो गं पोरी —

ती फाटकातून हसतेय. माझे ओठ हलायला लागले. मी म्हणतेय, ये ना, बाळाला ऊन —