त्या दिवशीचा ताप

बाई, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली आणि मला अक्षर येत नाय, म्हणून मी बोलते न् नात लिहिते. तिनं आधीच विचारलं, आजी, गेलेल्या माणसाला पत्र कशाला? म्हणलं, जित्या माणसांना वेळ कुठंय. पुंडलिकनगरात लेकाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर राहते मी. गुडघे गेल्यापासून खाली उतरणं बंद. सगळे बाहेर गेले की घरात मी आणि फ्रीजची घरघर. गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याशी मेथीवरनं भांडते, तेवढंच बोलणं. घ्यायची नसते. त्यालाही आता माहीत झालंय.

तुम्ही शहरातून एसटीनं चितेगावच्या पुढं आमच्या गावात शाळेवर शिकवायला यायच्या, कडक इस्त्रीच्या साडीत. दिवसभर आमच्या धुळीत बसून ती साडी संध्याकाळपर्यंत तशीच कशी राहते, ह्यावर आम्ही बाया हापशावर लई डोकं चालवायचो. माझ्या थोरलीचे पाय पोलिओनं गेले होते. आम्ही तिला घरात जपून ठेवली होती, खायला-प्यायला कमी नाय. तुम्ही आलात न् तिचं नाव पटावर घातलंत. शाळेच्या दोन खोल्या उंच जोत्यावर, एक तेवढी खाली, जमिनीबरोबर. तर दर जूनला ती ज्या वर्गात जाई तो वर्ग तुम्ही खालच्या खोलीत आणायच्या. हेडमास्तर म्हणाले, एका पोरीसाठी सगळी शाळा हलवता का? तुम्ही म्हणालात, शाळा कुठं, एक फळा आणि एक कपाट हलतंय.

मग तुम्ही तिला रबरी चपला आणल्या. हातात घालायला, रांगताना तळवे सोलू नयेत म्हणून. लेकराच्या हातात चपला बघून मला असं लागलं की काय सांगू. मी त्या चुलीमागं टाकल्या आणि तिला रोज कडेवर घेऊन शाळेत नेली. आठ वर्षांची पोरगी कडेवर. गाव म्हणायचं, माय असावी तर अशी. ते मला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

झेंडावंदनाला तालुक्याचे साहेब येणार होते. गाणं माझ्या पोरीनं म्हणायचं आणि झेंड्यापर्यंत आपली आपण जायचं, असं तुम्ही दोघींनी ठरवलेलं. चपला तिनंच चुलीमागनं हुडकून काढल्या होत्या, पुसून उशाशी ठेवल्या होत्या. सगळं गाव मैदानावर, आणि माझी लेक सगळ्यांसमोर मातीत रांगणार. सकाळी मी तिच्या कपाळाला हात लावला न् म्हणलं, अगं, ताप आहे तुला. ती म्हणते, मला तर काय होत नाय. म्हणलं, आईला कळतं. ओली पट्टी ठेवून निजवली. शाळेतनं भोंग्याचा आवाज येत होता, गाणं दुसरीच कुणी म्हणत होती. माझी पट्टीखाली डोळे मिटून हळू आवाजात तिच्याबरोबर म्हणत होती.

दुपारी तुम्ही कागदात बुंदी घेऊन आलात. तिच्या कपाळावर हात ठेवलात, माझ्याकडं बघितलंत. तिला म्हणालात, उतरलाय हं ताप, उद्या ये. मग मला दाराबाहेर घेतलंत.

"तुम्ही तिला कडेवर घेता, ते तिचे पाय चालत नाहीत म्हणून नाही. ती रांगताना कुणाला दिसू नये म्हणून."

मी म्हणलं, "तुम्हाला लेकरू नाय बाई. तुम्हाला काय कळणार."

तुम्ही छत्री उघडलीत आणि एसटीच्या रस्त्याला लागलात. दुसऱ्या दिवशी मी पोरीला गल्लीच्या तोंडाशी खाली ठेवली. ती गेली, टपटप चपला वाजवत, वळूनसुद्धा बघितलं नाय. पण तुमच्याशी मी परत बोलले नाय. तुमची बदली झाली, मग कधी तरी कळलं की तुम्ही गेलात.

आता ती उस्मानपुऱ्यात शिकवते. कुबड्यांवर उभी राहून शिकवते, पोरं चळाचळा कापतात. तिच्या शाळेत चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार बांधलाय, रविवारी कार्यक्रम आहे. फोनवर म्हणाली, आई, पहिली तुझी खुर्ची चढवायची, मी येते न्यायला. चार शब्द बोलणार आहे, तुझंच सांगणार आहे. तिचं ठरलेलं आहे ते. ती सांगते, झेंडावंदनाला मला ताप आला, मी लई रडले, पण माझी आई दिवसभर पट्ट्या बदलत उशाशी बसली. लोकांचे डोळे भरतात म्हणे. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

नात लिहायची थांबलीय. विचारते, "आत्याला माहीत नाय?"

"नाय. बाईंना होतं. त्यांनी सांगितलं नाय."

"मग हा कागद?"

म्हणलं, ठेव तुझ्या दप्तरात, पाठवायचा कुठं.

बाई, ती रागवेल ह्याचं भ्या नाय मला. माफच करेल, तुमच्याच हाताखालची ती. पण ते पट्ट्यांचं सांगताना तिचं तोंड असं होतं की तेवढा वेळ मी चांगली आई असते. तेवढं मला सोडवत नाय.