पाणसळीतला बुडबुडा

११ ऑक्टोबर, रविवार

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आज इथं ट्रेलर उभा केल्यावर जशा नजरेस पडल्या तशा: लोखंडी चौकट, वेल्डिंगसकट. भिंती, बोटींना लावतात त्या प्लायवूडच्या, आत लोकरीचा जाड थर. कंदील लावला तरी ऊब येते, शेगडी लागत नाही. छत एकाच अखंड पत्र्याचं, त्याला एकही भोक नाही, कारण भोक म्हणजे आज ना उद्या गळती. हवेला दोन झडपा, आतून घट्ट मिटणाऱ्या. दार बाहेर उघडणारं, चारी कडांना दुहेरी रबर. पाइपानं पाणी मारून तपासलंय, थेंब आत येत नाही. खिडक्या तीन, पक्क्या बसवलेल्या, कारण उघडणारी खिडकी खडखडते. ओटा, टेबल, वायरिंग. आणि मागच्या भिंतीला अक्रोडाचा घडीचा पलंग, डेलियासाठी. त्यात एकही स्क्रू दिसणार नाही. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर त्याच लाकडाचं बूच ठोकून, घासून, रेषेला रेष मिळवली आहे.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. मेहुण्याच्या शेडमध्ये पाच हिवाळे घालवले. तो रोज येऊन म्हणायचा, "गार्नर, असल्या डब्यात मासे भरून विकतात रे." आता त्याची शेड रिकामी झाली आणि मला घर झालं.

डेलिया माझी मुलगी, विचिटाला एका वृद्धाश्रमात काम करते. माझ्या घटस्फोटात घर गेल्यापासून ती येते तेव्हा माझ्या भाड्याच्या खोलीत दोन खुर्च्या जोडून झोपते आणि सकाळी पाठ धरून "छान झोप लागली, बाबा" म्हणते. या थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी, ती स्वतःच्या पलंगावर झोपेल.

ट्रेलर उभे करायचं हे पार्क काउंटीचं, म्हणजे सरकारी, कॅन्सस सिटीपासून अर्ध्या तासावर, धरणाच्या तळ्याकाठी. शहरात गोदामांची सरकती दारं दुरुस्त करायला जातो त्याला सोयीचं. देखरेखीला डॉर्था स्पर्लॉक नावाच्या बाई आहेत, सत्तरीच्या, पायात रबरी बूट, बॅटरीवरच्या छोट्या उघड्या गाडीतून फिरतात. त्यांनी आधी वरच्या चढावरची जागा दाखवली, वीज-पाण्याची. मी फलकावर सगळ्यात स्वस्त कोणती ते वाचलं होतं: एकतीस नंबर, अगदी पाण्यालगत. म्हणाल्या, "राजा, तिथं ओल फार. वर ये, त्याच पैशात देते." मी सळई ठोकून दाखवली, जमीन टणक. त्यांनी सळईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पावती फाडली.

एक ओक, एक बाकडं, शेकोटीचं लोखंडी कडं, नंबराचा खांब. समोर सगळं तळं. याहून जास्त कोणाला काय लागतं?

१३ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर मी पितळी पाणसळ बसवली आहे. रविवारी बुडबुडा बरोबर मधोमध आणला होता. आज तो चढाकडं सरकलेला, म्हणजे ट्रेलर तळ्याकडं कललाय. थोडंसंच, केसभर, दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. जॅक फिरवून पुन्हा मधोमध आणला. नव्या जागेत वजन बसतं तसं असेल.

वरच्या बाजूला बाराही महिने राहणारी सहा-सात बिऱ्हाडं आहेत. त्यातला एल्डन क्राउच, पाइप जोडायच्या कामातून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा, कॉफीचा मग घेऊन आला. ट्रेलरभोवती फेरी मारून म्हणाला, "गड्या, हा इतका सरळ आहे की आत बसून माणसाला खोटं बोलता यायचं नाही." हा माणूस मला आवडला. दारावर हात फिरवताना मात्र त्याचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. हेवा वाटत असेल.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज माझा अपमान झाला. लिहून ठेवतो.

चर्चहून आल्यावर एल्डन आणि डॉर्थाबाई दोघं आले. एल्डनच्या हातात कॉफीचा पत्र्याचा डबा, आत चुरगळलेल्या नोटा, नाणी. म्हणाला, हा ट्रेलर आम्हा वरच्या सगळ्यांना वीक. आजच. पिकअप घे आणि जा. मी विचारलं, तुम्ही काय करणार त्याचं? म्हणाला, काही नाही, इथंच राहू दे. वर ट्रेलरविना उघडा पडणार नाहीस याचीही सोय केली आहे, असं काहीसं तो सांगत होता, पण तोवर त्यानं बाकड्यावर डबा ओतून मोजायला सुरुवात केली होती आणि माझे कान तापले होते. रक्कम इथं लिहीत नाही. नुसत्या प्लायवूडचेसुद्धा पैसे निघाले नसते.

मी त्याला म्हणालो, एवढ्यात दाराचं रबर घेऊन जा. डॉर्थाबाई म्हणाल्या, "राजा, एकदा विचार कर. आम्ही एकदाच विचारतो." मी दार लावून घेतलं. माझं दार लागलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही.

बुडबुडा पुन्हा चढाकडं. पुन्हा मधोमध आणला.

२५ ऑक्टोबर, रविवार

पार्कचा नियम असा की दोन आठवड्यांनी जागा बदलायची. वरची मंडळीसुद्धा त्यासाठी आपापले ट्रेलर शेजारच्या जागेत सरकवून घेतात. मीही आवराआवर केली आणि डॉर्थाबाईंना विचारायला गेलो. त्या गाडीतून उतरल्याही नाहीत. म्हणाल्या, तुला हलायची गरज नाही, तू राहा. डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानं असेल.

परतताना ओककडं लक्ष गेलं. आलो त्या दिवशी त्याची सावली दुपारी माझ्या बाकड्यावर पडायची. आता पडत नाही. ऋतू बदलला, सूर्य खाली गेला, हे मला कळतं. पण सूर्य खाली गेल्यावर सावली लांबते. मी दोरी आणून माप घेतलं. चाकांखाली अडकवलेल्या उट्या जागच्या जागी; चाकांपासून खांब, खांबापासून बाकडं, सगळं होतं तसंच. फक्त ओक लांब गेलाय.

झाड चालत नाही. म्हणजे बाकीचं सगळं.

१ नोव्हेंबर, रविवार

हिवाळ्यासाठी पार्कचे नळ आज बंद झाले. दर शरदात करतात तसं धरणवाल्यांनी तळं उतरवलंय. वरच्या बोटींच्या धक्क्याशी पाणी पार मागं हटलंय, चिखल उघडा पडलाय. माझ्या पायरीशी मात्र ते मी आलो तेव्हापेक्षा जवळ आहे.

सकाळी वारा पडलेला, पाणी काचेसारखं. हात धुवायला वाकलो तर तळाशी एक बाकडं दिसलं. त्याच्यापाशी शेकोटीचं कडं. आणि खांब. खांबावर शेवाळ होतं, पण आकडे खोदलेले असतात, वाचता येतात. एकतीस.

त्याच्या पलीकडं, जास्त खोल, आणखी एक खांब.

त्याच्याही पलीकडं एका ट्रेलरचं छत.

३ नोव्हेंबर, मंगळवार

एल्डनकडं गेलो. माझ्यासारख्या माणसाला जाऊन विचारणं किती जड गेलं ते लिहीत नाही. त्यानं मला आत घेतलं नाही, पायरीवरच बसवलं. म्हणाला, दर वसंतात काउंटीची माणसं येतात, जुना खांब पुरात गेला म्हणतात, नवा ठोकतात. जागा फलकावर लागते. डॉर्था प्रत्येकाला वरची जागा देऊ करते. पण काही जणांना तीच हवी असते.

मी म्हणालो, मग तोंडानं सांगायचं होतं.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

तो म्हणाला, आधीच्यांना सांगून पाहिलं. एक हसला. एकानं आम्हाला जागा हवी आहे म्हणून भुताच्या गोष्टी सांगतो असा आळ घेतला, आणि मुद्दाम राहिला. माणूस आपला ट्रेलर सोडत नाही, पण विकलेला ट्रेलर सोडतो, हे आम्हाला उशिरा कळलं. म्हणून तो डबा. सगळे आठवड्याला टाकतात काही ना काही.

मी विचारलं, आता विकला तर? त्यानं मिशी चावली. म्हणाला, एकदा नाही म्हटल्यावर खाली उतरून पैसे देणाऱ्याचं काय होतं तेही आम्ही पाहिलंय. पण तू मोकळा आहेस. पिकअप वर आण, आमच्याकडं नीज, आणि मागं वळून बघू नकोस.

असाच टाकून जा, म्हणाला. असाच!

७ नोव्हेंबर, शनिवार

पिकअप जोडला. जोडाची कडी मी स्वतः वेल्ड केलेली आहे, तुटणार नाही, तुटली नाही. चाकं फिरली, धूर निघाला, रबर जळलं. ट्रेलर हलला नाही. नंतर हलला, पण उलट्या बाजूला, आणि पिकअप बरोबर घेऊन.

एल्डन चढावर, ओकपाशी उभा होता. त्याच्यापुढं एक पाऊल टाकत नव्हता. तिथूनच ओरडला, "कडी सोड, मूर्खा! गाडीतून उडी मार!" मी गाडी बंद केली आणि उतरलो. पिकअप आता एकतीस नंबरचा आहे. त्याची पुढची चाकंही जमिनीतून सुटत नाहीत.

कडी तुटली असती तर बरं झालं असतं. माझी वेल्डिंग.

११ नोव्हेंबर, बुधवार

ओकखाली जेवणाची भांडी ठेवून गेलेत. चीज घालून भाजलेले बटाटे, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. हॅम. लोणी लावलेले पाव. अजून गरम होतं. आमच्याकडं हे जेवण कुठं नेतात ते मला ठाऊक आहे, आई गेली तेव्हा असंच आलं होतं, सगळा ओटा भरला होता.

खाल्लं. मग भांडी उलटी करून पाहिली. अशा घरी भांडं पाठवताना बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव घालतात, म्हणजे ते धुऊन परत येतं.

एकावरही नाव नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

कामावर जाणं बंद. वरच्या रस्त्यापर्यंत चढून गेलो, फोनला तिथंच रेंज येते. डेलियानं उचलला. ती हसत होती, सणाचा भोपळ्याचा गोड पाई आणते म्हणाली, पलंगाला चादर कोणत्या मापाची लागेल? मी येऊ नकोस म्हणणार होतो. तोंडातून माप निघालं. बिनचूक.

एल्डन रस्त्यावर भेटला. कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला, आणि आपल्या दाराकडं बोट केलं. मी गेलो. त्याच्या ट्रेलरमध्ये पडून राहिलो. जमीन वाकडी, दार फटीचं, सगळीकडून वारा. आणि मी इकडं वाऱ्यात पडलोय नि माझं दार तिकडं —

सकाळी खाली उतरलो. एल्डननं अडवलं नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

बुडबुडा नळीच्या वरच्या टोकाला. जॅक फिरवणं सोडलं.

चाकं पाण्यात.

कालपासून खालच्या ट्रेलरच्या खिडकीत उजेड दिसतोय. संध्याकाळचं ऊन पडत असेल. पण ढग आहेत.

२१ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. जातो. ट्रेलर राहू दे. पण डेलियाचा पलंग काढून नेणार. तेवढाच. एल्डनच्या ट्रेलरमध्ये लावता येईल, गुरुवारपर्यंत होईल. उद्या सकाळी उजाडताच. तासाभराचं काम.

पायरी पाण्याखाली गेली. दाराला अजून धक्का नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

बुचं. स्क्रूंवरची बुचं.

कुठं आहेत तेच सापडत नाहीत. मीच बसवलेली, मलाच दिसत नाहीत. बोटांनी चाचपतोय. रेषेला रेष मिळवली आहे ना. चार सापडली, कोरून काढली. आणखी किती. एल्डन वरून हाका मारतो. मधेच डॉर्थाबाईंचा आवाज, राजा, राजा. एवढं एक काढतो, मग येतो, म्हणालो —

ट्रेलर कलला. दार आपणहून मिटलं.

मिटलं की बाहेरचं ऐकू येत नाही.

तोच दिवस

दार बाहेर उघडतं. बाहेर पाणी. खांद्यानं, पायानं, पलंगाच्या फळीनं. हलत नाही. खिडकी — हातोडी उडून परत येते. जाड काच मीच निवडली.

झडपा उघडल्या तर पाणी. मिटल्या तर —

थेंब आत आलेला नाही.

तारीख माहीत नाही

हिरवा उजेड. मग तोही नाही. कंदील बारीक केला, हवा खातो.

खिडकीतून शेजारचा ट्रेलर. दिवा आहे. एक माणूस. माझ्याकडं बघत नाही. वाकून दांडीवरची पाणसळ बघतो. पुसतो. पुन्हा बघतो. त्याच्या मागं आणखी एक दिवा. त्याच्या मागं —

टेबलावरची छोटी पाणसळ पाहिली.

मधोमध. केसभरही इकडं नाही, तिकडं नाही. इतकी सरळ जमीन मला कुठंच मिळाली नव्हती.

पलंग तसाच भिंतीला. चार भोकं पडली, बुजवायला हवीत. डेलिया गुरुवारी येईल, चादर घेऊन. ओकखाली उभी राहील. फलक वाचेल. स्वस्त आहे म्हणेल, ती माझीच —

डॉर्थाबाई तिला वरची जागा देतील. घे. डेलिया, घे. नाही म्हणू नकोस. मी नाही म्हणालो. एल्डननं माझ्यासमोर मोजले होते, एक एक नोट सरळ करून, मी ऐकत नव्हतो तरी ऐकले. दोन हजार तीनशे एकेचाळीस डॉलर, आणि वर हिवाळाभर त्याच्या शेजारचा रिकामा ट्रेलर, दोन पलंगांचा, एक माझा आणि एक