सुकेळ्यांच्या पानांतली दारुहळद

बोळिंज, ४ जाने. १९५२
काल निलगिरीहून परत. अंग ठणकतंय, पण पाच फांद्या आणल्या! रानातली दारुहळद, एकाच फांदीवर फुलंही, फळंही. कॉलेजच्या वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटात आहे ती नुसत्या पानांची. सर म्हणाले होते, "पूर्ण नमुना आणलात तर तुमच्या नावाने नोंद." त्या कपाटात आजवर एका बाईचं नाव नाही. माझं लागणार.
दादाचं पालुपद: "काट्यांसाठी एवढ्या लांब? आता कुठं जायचं नाय. पाहुणे बघायला येणारेत."
बघू.

६ जाने.
फांद्या टीपकागदांत घालून फळ्यांमध्ये आवळल्या. काटे कागद फाडतात, बोटंही. उद्यापासून कॉलेजच्या कामासाठी मुंबईत मैत्रिणीकडे मुक्काम. आईला बजावलं, कागद दमटले की बदल, फळ्या उन्हात ठेव.
"मला काय शिकवतेस? केळी सुकवून सुकेळी करण्यात जन्म गेला माझा."
तेही खरंच.

९ जाने.
सगळं गेलं. टीपकागदांना वास येतो म्हणून आईने ते काढून टाकले. दिवसभर फांद्या केळ्यांशेजारी मांडवावर उघड्या, संध्याकाळी केळीच्या वाळल्या पानांत घट्ट गुंडाळलेल्या. सुकेळ्यांची रीतच ती, रात्री पानांत घाम फुटला की गोडी मुरते. माझ्या फांद्यांना बुरशी फुटली. फुलं काळी, पानं गळालेली. एकच जरा बरी.
ओरडले. फार ओरडले.
"घाम काढल्याबिगर सुकतं का काय, बाय?" एवढंच म्हणाली. मग जेवलीच नाही. मीही नाही.

१४ जाने.
सरांना सांगितलं. ते शांतपणे: "बागेत लावलेलं दारुहळदीचं एक झुडूप आहे. त्याची फांदी घ्या, नोंदीत निलगिरी घाला. कोण बघायला जातंय?"
नाही म्हटलं. डोंगर मी चढले, बागेतलं झुडूप नाही.
"मग बसा घरी."
संताप संताप झाला. बसते कसली!

१५ जाने.
उरलेली दारुहळदीची फांदी जाड कागदावर दोऱ्याने टाचली. गळलेली फळं पुडीत. खाली लिहिलं: रानटी, निलगिरी. गोळा करणारी: माझं पूर्ण नाव. शेरा: घरी सुकवताना बुरशी. सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी कपाटात ठेवावी नाहीतर केरात टाकावी.

२ एप्रिल
सरांनी ती कपाटात ठेवली नाही, टाकलीही नाही. टेबलावर पडून आहे. रोज बघते, रोज राग येतो.
मे महिन्यात पुन्हा जाते. दादाला सांगितलं.
"आणि पाहुण्यांना काय सांगू?"
"निलगिरीला गेलीय म्हण."
ताटावरून उठून गेला.

२८ एप्रिल
दादा अजून बोलत नाही. ट्रंक भरली. वर आईने सुकेळ्यांचं पुडकं ठेवलं, शेजारी टीपकागदांचा गठ्ठा, चुलीच्या उबेवर एकेक करून वाळवलेला. मला पत्ताच नव्हता.
"या खेपेला माझ्यासमोर सुकव," म्हणाली. "मी हात नाय लावणार. नुसती बघीन."
म्हटलं, "हात लाव गं. मी सांगेन तसा."