पाचव्या मणक्याचं तिसरं छिद्र

३ जुलै, सकाळी ११
इतिहास घडला! मेडिकल कॉलेजच्या बोन रूममध्ये पोरांना मानेचे मणके दाखवत होतो, तर पाचव्याला डावीकडे एक छिद्र जास्त. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीसाठी दोन्ही बाजूंना एकेक असतं. कधीकधी मागे छोटं जोडछिद्रही असतं, ते पुस्तकात आहे. हे मात्र भलत्याच जागी आणि अगदी गोल. निसर्गाची करामत! एकोणीस वर्षं शिकवतोय, नावावर एक पेपर नाही. आता बघतील सगळे.

३ जुलै, संध्याकाळ
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे हाड खराब निघालं का?

५ जुलै
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून पेपरची दोन पानं.

६ जुलै
साडेआठला जाग आली. तरी 'आभार' लिहून झाले. त्यात हेडबाई नाहीत. माझ्याच हाताखाली शिकल्या, आता माझ्या रजेच्या अर्जावर सह्या करतात.

९ जुलै
कॅलिपरने मोजलं. बरोब्बर दोन मिलिमीटर. हाडं सांभाळणारे आमचे अटेंडंट मामा तीनदा म्हणाले, सर, त्या मणक्याचं एक सांगायचंय. मी म्हटलं, मामा, तुम्ही हाडं पुसा, डोकं आम्ही चालवतो. चेहरा उतरला त्यांचा. असो. संशोधकाला थोडं कठोर व्हावं लागतं.

१५ जुलै, दुपारी
मीटिंगमध्ये सादर केलं. नवा शर्ट. स्क्रीनवर मणका टेबलाएवढा.
बाईंनी प्रत्यक्ष मणका मागितला, भिंग लावलं. म्हणाल्या, सर, आत ड्रिलचे ओरखडे आहेत. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी विचारलं, डिपार्टमेंटच्या हाडाला भोक पाडलं कुणी?
मी मणका घेऊन आलेल्या मामांकडे बघितलं. नुसतं बघितलं. मामा म्हणाले, माझ्याकडूनच झालं असेल. बाई म्हणाल्या, मेमो निघेल.

१५ जुलै, साडेपाच
मामांना माफ करायला बोन रूममध्ये गेलो. मणके डब्यात लावत होते. म्हणाले, सर, तेच सांगायचं होतं. तुम्ही नवीन होतात. सातही मणके तारेत ओवायचे म्हणून ड्रिल माझ्या हातातून घेतलंत, हा पाचवा आधी हाताला लागला आणि पहिल्याच भोकाला घसरलं. फार घाबरला होतात. कुणाला सांगणार नाही, असं मी तेव्हाच म्हटलं होतं.
खरं लिहायचं तर बाईंनी भिंग लावलं तेव्हाच मला आठवलं होतं. लाज वाटते. मामांच्या रिटायरमेंटला अडीच महिने राहिलेत, बत्तीस वर्षांत एक मेमो नाही.
संकल्प : उद्या पहिल्या तासाआधी बाईंना सगळं सांगायचं.

१६ जुलै
बाई रजेवर. हायसं वाटलं. त्याचीही लाज वाटली.

१७ जुलै
बाई केबिनमध्ये एकट्याच होत्या. आत गेलो. त्यांनी विचारलं, काय काम होतं? रजेचा अर्ज देऊन आलो.

१८ जुलै
मेमो आला. मामांकडे सहीला पेन नव्हतं. माझं दिलं. त्यांनी सही केली, पेन सदऱ्याला पुसून परत दिलं आणि थँक्यू सर म्हणाले.