हेल्मेटची काळी काच

३ मार्च
सकाळी देवाला नमस्कार केला आणि हेल्मेटची साधी काच काढून काळी बसवली. कारण ऊन. मीटर रीडरला दिवसभर उन्हात हिंडावं लागतं. हिला जाऊन आज दोन महिने झाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. देवाला कारण सांगितलं नाही. त्याच्याशी खोटं बोलवत नाही.

५ मार्च
काच उत्तम. बाहेरून काहीच दिसत नाही. कोपऱ्यात लिहिलंय, फक्त दिवसा वापरावी. दिवस कधी संपतो ते लिहिलेलं नाही.

९ मार्च, संध्याकाळ
चौकात हवालदाराने अडवलं. म्हणाला, काका, असली काच चालत नाही. म्हटलं, ऊन लागतं हो. तो म्हणाला, साडेसहा वाजले, ऊन कुठंय? वर पाहिलं, पण काच खाली असल्याने नक्की सांगता येईना. तोंड कोणापासून लपवताय, असं विचारून त्याने सोडलं. आगाऊ माणूस.
निश्चय : संध्याकाळी काच वर. उद्यापासून.

१० मार्च
काच खालीच. डोळ्यांत धूळ गेली. काच बंद असताना कशी जाते, कळत नाही. हिला ज्या दवाखान्यात नेत होतो, त्याच्या वळणावरच जाते. तिथला वारा विचित्र आहे.

१४ मार्च
साहेबांनी बोलावलं. जिन्याखालच्या अंधारात काच न उघडता मी तिनाचे आठ वाचतो, अशा अकरा तक्रारी. साहेब म्हणाले, अहो, लोक विचारतात, मीटर बघायला अंतराळवीर का पाठवता? सगळे हसले. मीही हसलो. हेल्मेट डोक्यावरच होतं, त्यामुळे कोणाला दिसलं नसेल.

१८ मार्च
लेकीला नर्सिंगच्या क्लासवरून आणताना अंधारून आलं होतं. खडीचा ढीग दिसला नाही. गाडी घसरली. तिचा गुडघा फुटला. ढिगाजवळ दिवा लावायला नको का, असं मी तिला दोनदा म्हणालो. तिने गुडघ्यातून रक्त गळत असताना आधी माझा खरचटलेला तळहात धुतला.

१९ मार्च
लेक लंगडत बसस्टॉपवर गेली. म्हणाली, तुमच्या मागे बसणार नाही. म्हटलं, अगं, उन्हामुळे... ती म्हणाली, पुरे, बाबा. मी मागे बसते, तुमचे खांदे हलतात ते मला कळत नाही का? मीही रडते तुमच्या पाठीआड. पण गाडी तुम्ही चालवता. आई गेली. आता मला तुम्ही एकटेच आहात.

२० मार्च
काच बदलणार होतो. स्क्रूड्रायव्हर सापडला नाही.

२१ मार्च
सापडला. स्क्रू गंजलेला वाटतो. अठरा दिवसांत गंजतो का?

२२ मार्च
स्क्रू बोटांनीच निघाला. साधी काच बसवली. लेक दारातून बघत होती. चल म्हटलं, तर म्हणाली, आज बसनेच जाते, बाबा. गुडघा वाकत नाही अजून.
एकटाच निघालो. पहिल्याच सिग्नलला डोळे भरून आले. पुसले नाहीत. शेजारच्या स्कूटरवाल्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पेट्रोलपंप कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं.