रविवारच्या झग्याला खिसा

४ सप्टेंबर, सोमवार

हो म्हणाले! म्हणजे तोंडाने 'बघू' म्हणाले, पण ब्रदर ड्वेनचं 'बघू' म्हणजे पाऊण 'हो'च. पाळकाचं बोलणं इतक्या वर्षांत मला कळत नसेल तर कुणाला कळणार!

तर चर्चच्या सुरक्षा तुकडीत तिसरी जागा रिकामी आहे. तुकडी कसली – मुख्य दारात हॉलिस टिडवेल आणि बाहेर गाड्यांपाशी सेसिल स्टबलफील्ड, झाली तुकडी. तिसरी मी होणार. पलीकडच्या काउंटीत मे महिन्यात एक माणूस बंदूक घेऊन चर्चमध्ये शिरला. देवाची कृपा, कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे आया लेकरांना कुशीत ओढून बसतात आणि गाण्याच्या दर दोन ओळींनी मान वळवून दाराकडे बघतात. मला ते बघवत नाही. तिथे आपण उभं राहावं, बस्स.

सेसिलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नेल्डा, बाईमाणसाने दारात हसावं, केक वाटावा. पिस्तूल काय पर्समध्ये ठेवणार, लिपस्टिकशेजारी?"

मी म्हटलं, "सेसिल, तुझी तिन्ही कार्टी मी शाळेच्या बसमधून नेली-आणली. एकदा तरी कुणी जागेवरून उठलं?"

ब्रदर ड्वेनच्या अटी – पर्स चालणार नाही, पर्स बाकावर विसरते. पिस्तूल अंगावरच हवं. कुणाला दिसता कामा नये, लेकरं घाबरतात. आणि ८ ऑक्टोबरला चर्चचा वार्षिक मेळावा, त्या रविवारच्या आत नेम दाखवायचा.

आता सांगूनच टाकते, इथे वाचतंय कोण – मुख्य दारात हॉलिसच्या शेजारी उभं राहायला मिळेल, हेही आहे. माझ्या नवऱ्याला, अल्विनला, जाऊन सहा वर्षं झाली. मी मेलेली नाही!

५ सप्टेंबर, मंगळवार

कपाट उघडून बसले. रविवारचे अकरा झगे. खिसा एकालाही नाही! शिवणाऱ्यांना वाटतं, बाईकडे खिशात ठेवण्यासारखं काही नसतंच.

९ सप्टेंबर, शनिवार

टायलर शहरात गेले, ओलेटाला घेऊन. माझी धाकटी बहीण, पण सगळीकडे थोरल्यासारखी वागते. बंदुकांच्या दुकानात बफर्ड नावाचा गृहस्थ. मी तोंड उघडायच्या आत त्याने काउंटरवर गुलाबी पिस्तूल ठेवलं. गुलाबी! म्हटलं, "बाबा रे, मला ते लपवायचंय, वाढदिवसाला द्यायचं नाहीये."

मग एक चपटं दाखवलं, कंगव्यासारखं पातळ. कुठेही मावेल. पण गोळी चढवायला वरचा भाग मागे ओढावा लागतो, तो माझ्या अंगठ्यांना दाद देईना. मी ओढतेय, चेहरा लालबुंद, ओलेटा हसतेय. "अगं नेल्डे, लोणच्याची बरणी उघडत नाही तुला, हे काय उघडणार!"

रिकाम्या हाताने परत. वाटेत मासे खाल्ले. दिवस झकास गेला.

१० सप्टेंबर, रविवार

हॉलिसला सगळं सांगितलं. तो फावल्या वेळात चामड्याची होल्स्टरं, म्हणजे पिस्तुलांची म्यानं, शिवतो, अख्ख्या काउंटीत नाव आहे. म्हणाला, "मिस नेल्डा, लोक आधी पिस्तूल घेतात आणि मग खिसा शोधतात. तुम्ही आधी खिसा ठरवा."

एवढंच बोलला. आमच्याकडे मान द्यायचा तर लग्न झालेलीलाही 'मिस' म्हणतात, पण तो 'मिस नेल्डा' किती छान म्हणतो!

१४ सप्टेंबर, गुरुवार

युक्ती सुचली! पिस्तूल नाही तर वजनाचा अंदाज कसा घ्यायचा? तर बटाट्याने! तराजूवर साधारण तेवढ्या वजनाचा शोधला. निळ्या झग्याला उजव्या बाजूला खिसा लावला, बटाटा टाकला आणि घरभर फिरले. झाडलं, वाकले, टेलिफोनवर बोलले, कोंबड्यांना दाणे टाकले. चालताना बटाटा मांडीवर आपटतो आणि झगा एका अंगाला ओघळतो. खांद्यापाशी आतून एक पट्टी टाकली. आता बरं आहे.

रविवारी बटाटा घेऊनच चर्चला जाणार. रंगीत तालीम! ओलेटाला सांगितलं, म्हणजे निम्म्या गावाला कळलंच.

१७ सप्टेंबर, रविवार

अरे देवा. अरे देवा!

प्रार्थना चालू. सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले. मी गुडघ्यावर टेकले आणि खिशातून बटाटा निघाला. लाकडी जमीन, त्यात वेदीकडे उतार. गडगड गडगड. ब्रदर ड्वेन आजाऱ्यांची नावं घेतायत आणि माझा बटाटा बाकांखालून चाललाय पुढे! कुणाच्या तरी बुटाला लागून थांबला.

'आमेन' झाल्यावर हॉलिस दारातून पुढे गेला. वाकून बटाटा उचलला, रुमालाने पुसला आणि मधल्या वाटेने सावकाश चालत माझ्यापाशी आला. सगळं चर्च बघतंय. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून म्हणाला, "मिस नेल्डा, तुमचं हत्यार पडलं."

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. ओलेटाने डोळे पुसायला माझीच बाही वापरली. हसणं ऐकून बाहेरून आत आलेला सेसिल तेवढा हसला नाही – "हे खरं असतं तर?" त्याचं बरोबर होतं. म्हणूनच जास्त राग आला.

१८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी फाटकापाशी कुणीतरी बटाट्यांची पिशवी ठेवून गेलं. वर चिठ्ठी – 'दारूगोळा'.

२१ सप्टेंबर, गुरुवार

हॉलिस घरी आला! चामड्याचा वास, धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. टेबलावर माझा निळा झगा पसरला आणि खिसा मोजला. मला म्हणाला, "नुसतं टाकलं तर कुठल्याही खिशातून बाहेर पडणारच. होल्स्टर खिशाला धरून बसलं पाहिजे. पिस्तूल बाहेर येईल, होल्स्टर आतच राहील. चाप पूर्ण झाकलेला हवा. आणि त्या खिशात दुसरं काही नाही. रुमाल नाही, किल्ली नाही."

"पेपरमिंटसुद्धा नाही?"

"पेपरमिंट डाव्या खिशात."

म्हणजे डावीकडेही खिसा हवा! मी लगेच कात्री घेतली. तो बसून राहिला, आइस्ड टी पीत. दोन ग्लास प्यायला. जाताना दारात घुटमळला. टोपी हातात दोनदा फिरवली, मग घालून गेला.

मला रात्रभर गाणी सुचत होती.

२३ सप्टेंबर, शनिवार

हॉलिसच्या कुरणात नेमबाजी. त्याने कपाटातली तीन छोटी रिव्हॉल्व्हरं काढून ठेवली होती. या चक्राच्या पिस्तुलांना मागे ओढायचं काही नसतं, अंगठ्यांचा प्रश्नच मिटला.

पहिलं इतकं हलकं की हातात काही आहे असं वाटेना. हेच, म्हटलं, हेच! एक गोळी झाडली आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणला. अंगठ्याच्या बेचक्यात रक्त. हॉलिस म्हणाला, "जेवढं हलकं, तेवढं लाथ मारणारं." मग आधी नाही का सांगायचं! म्हणाला, "सांगून कुणाला पटलंय?"

दुसऱ्याचा घोडा मागे उंच, खिशातून काढताना झग्याच्या दोऱ्यात अडकला. काढताना अडकलं म्हणजे संपलंच की.

तिसरं – अहाहा! बत्तीस बोअरचं, काळसर, कडा झिजून गुळगुळीत. घोडा आत झाकलेला, कुठे अडकत नाही. थोडं जड, म्हणून झटका कमी. मुठीत असं बसलं जसं माझ्यासाठीच केलंय. सहा गोळ्या, सहाही खांबाला ठोकलेल्या कागदी ताटलीत! मी उड्या मारल्या. सहासष्टाव्या वर्षी, गवतात!

म्हटलं, हॉलिस, आता तू मार. तर म्हणाला, कानात शिट्टी वाजते हल्ली, आज नको. पूर्ण वेळ हात खिशात घालून उभा होता, पण डोळ्यांत हसू होतं.

"हे मला विकशील?"

"विकणार नाही. घेऊन जा. कपाटात नुसतं पडून आहे. त्याबदल्यात एक पेकन पाय भाजून द्या, तुमच्या हातचा गोड."

कुणी फुलं देतं, कुणी अंगठी देतं. मला हे मिळालं आणि मला हेच हवं होतं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

नवा झगा तयार. गडद निळ्यावर बारीक पांढरी फुलं. साधं कापड पिस्तुलाचा आकार सांगून टाकतं, फुलाफुलांत काही कळत नाही. खिशाला आतून जाड कॅनव्हास. होल्स्टरही आलं. त्याने एका कोपऱ्यात बारीक 'ने' कोरलाय. दिवसभर घालून फिरले. खिशात पिस्तूल आहे हे विसरलेसुद्धा. मग आठवलं आणि आरशासमोर गिरकी घेतली.

ओलेटा म्हणते, "लग्नाचा झगा शिवला असतास तर कमी वेळ लागला असता."

बघू!

१ ऑक्टोबर, रविवार

पहिल्यांदा खरं पिस्तूल घेऊन चर्चला. ब्रदर ड्वेनला ठाऊक, हॉलिसला ठाऊक, ओलेटाला ठाऊक, बाकी कुणाला नाही. एका गोष्टीचा विचारच केला नव्हता – मिठ्या! आमच्याकडे दारात हात मिळवत नाहीत, कवटाळतात. मर्टल पगने दोन्ही हात पसरले तशी मी गर्रकन डावी कूस पुढे केली. मग प्रत्येकीला डावीच कूस. एक जण म्हणाली, "कंबर धरली का गं?" म्हटलं, हो, बटाट्याने. सगळ्या हसल्या आणि विषय संपला.

कुणाला काही दिसलं नाही. कुणालाही नाही!

५ ऑक्टोबर, गुरुवार

परीक्षा झाली. सेसिलच्या कुरणात, खांबाला कागदी ताटली. माझ्या बाजूने ओलेटा, कूलरवर बसून शेंगदाणे खात. ब्रदर ड्वेनने खूण केली. खिशातून काढलं, कुठे अडकलं नाही. सहाच्या सहा आत. आणखी सहा, पाच आत, एक काठावर. काठावरची सेसिलने चष्मा लावून तपासली. बराच वेळ तपासली. मग टोपी काढली.

"मिस नेल्डा," सेसिल म्हणाला – मिस नेल्डा! सेसिल! – "माझी नातवंडं दुसऱ्या बाकावर बसतात."

"ठाऊक आहे मला. डावीकडून."

"मग ठीक."

ब्रदर ड्वेनने जाहीर केलं – मेळाव्याच्या रविवारपासून मुख्य दारात हॉलिस आणि नेल्डा. सेसिल बाहेर, त्याच्या गोल्फच्या गाडीत. घरी येईपर्यंत गाडीत एकटीच ओरडत होते.

७ ऑक्टोबर, शनिवार

दोन पेकन पाय झाले. एक मेळाव्याला, एक त्याला. चिकन-डंपलिंग्जचं पातेलं उतरवत होते, तेवढ्यात हॉलिसचा फोन. "उद्या जरा लवकर येशील? सगळे यायच्या आत. बोलायचंय." 'येशील' म्हणाला! इतके दिवस 'याल'.

ओलेटाला सांगितलं तर ती किंचाळली. म्हणते, अत्तर लाव, आणि तो गुडघ्यावर बसला तर आधी उठायला मदत कर, मग हो म्हण.

माझं ठरलंय. हो म्हणणार. झोप कसली येते आता!

८ ऑक्टोबर, रविवार

अत्तर लावून गेले. चर्चमध्ये आम्ही दोघंच. त्याने खिशातून आपलं होल्स्टर काढून माझ्या हातात दिलं. आत लाकूड होतं. पिस्तुलाच्या आकाराचा ठोकळा, ज्यावर तो ओलं चामडं बसवतो, तसला.

"दीड वर्ष झालं," म्हणाला. "पिस्तूल धरलं की हात थरथरतो, म्हणून खिशात हे लाकूड. समोर एवढी माणसं, लेकरं. माझी मलाच भीती वाटते. तुला दिलं ना, ते माझं दारातलं होतं."

"म्हणून शिकवलंस मला?"

"आधी म्हणून. नंतर नाही."

मी त्याचा हात धरला. ड्वेनला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाला, "मला दारात बघितलं की ते निवांत गातात, नेल्डा."

तेवढ्यात माणसं यायला लागली. एकेक जण त्याची पाठ थोपटून, हसून आत गेला. सेसिलची नातवंडं डावीकडून दुसऱ्या बाकावर बसली. गाणं सुरू झालं. आज एकाही आईने मान वळवली नाही. दारात आम्ही दोघं होतो, आणि पिस्तूल एकच.