आण्णांच्या गाडीची करकर

दादा,

गाडी रस्त्यावर काढलीय, पिरंगुटच्या गॅरेजात घेऊन चाललेय. आण्णा गेल्यावर तूच आईला म्हणालास, "आण्णा गाडीतच हायेत, थंडीत कण्हत्यात." तेव्हापासून ती रोज पहाटे मडगार्डाला टेकून त्यांच्याशी बोलते. टेकलं की करकर होते, तिला वाटतं उत्तर आलं. ऊन चढलं की गाडी गप्प. आज तिच्याआधी उठून मी पुढच्या चाकामागच्या रबरी बुशावर, सांध्यातल्या त्या कड्यावर, कोमट पाणी ओतलं. आई टेकली, आवाजच नाही. थंडीनं रबर कडक होतंय, एवढंच. आण्णांना शांत करायला तू देवऋषी आणणार होतास, त्याला आता बोलावू नकोस.

"आज हे का बोलंनात गं?" तिनं मला विचारलं. अजून अंगणात, गाडीच्या रिकाम्या जागेपाशी बसलीय, खोकतेय. नवा बुश टाकून दुपारी येते. तोवर तिला खरं सांग. तिनं विचारलं तेव्हा मी नुसती गाडी सुरू केली.

वैजू